मुलांना कांजिण्यांची लस द्यावी का? सरकारी यादीत नसलेल्या लसीचा निर्णय कसा घ्यायचा?

थंडी ओसरून उन्हाळा सुरू व्हायला लागला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'वर्गातल्या दोन मुलांना कांजिण्या झाल्या आहेत, पालकांनी काळजी घ्यावी.'

मग चर्चा सुरू होते. एक आई विचारते, 'लस दिली आहे का सगळ्यांनी?' दुसरे बाबा लिहितात, 'आम्हाला पण झाल्या होत्या लहानपणी, काही होत नाही.' कोणीतरी लसीकरणाचं कार्ड काढून बघतं. त्यात बीसीजी, पोलिओ, पेंटा, गोवर-रुबेला सगळं असतं. कांजिण्यांची लस मात्र कुठेच नसते.

मग ही लस द्यायची की नाही? ती सरकारी दवाखान्यात का मिळत नाही? आणि आजार इतका साधा असेल तर हजारो रुपये खर्च करायचे कशाला?

या प्रश्नांची उत्तरं एकेक करून बघूया.

कांजिण्या म्हणजे नेमकं काय?

कांजिण्या म्हणजे चिकनपॉक्स. व्हॅरिसेला झोस्टर नावाच्या विषाणूमुळे हा आजार होतो. नावात 'चिकन' असलं तरी कोंबडीशी किंवा चिकन खाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

सुरुवातीला ताप, अंगदुखी, भूक न लागणं अशी लक्षणं दिसतात. मग अंगावर लाल पुरळ येतं, त्याचे पाण्याने भरलेले फोड होतात आणि काही दिवसांनी त्यावर खपली धरते. हे फोड एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतात. त्यामुळे एकाच वेळी अंगावर कुठे लाल ठिपके, कुठे फोड तर कुठे खपल्या दिसतात. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारण २५० ते ५०० फोड येऊ शकतात.

हा आजार प्रचंड वेगाने पसरतो. घरात एकाला झाला, तर ज्यांना आधी झालेला नाही आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा घरातल्या दहापैकी नऊ जणांना तो होऊ शकतो. शिवाय पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देत असतं. म्हणजे 'पुरळ दिसलं की शाळेत पाठवू नका' हा नियम पाळला तरी तोवर थोडा उशीर झालेला असतो.

देवी, गोवर आणि कांजिण्या एकच का?

नाही. पण आपल्याकडे या तिन्हींची खूप सरमिसळ होते आणि त्यामुळे लसीबद्दलही गैरसमज होतात.

'देवी' हा पूर्णपणे वेगळा आणि जीवघेणा आजार होता. १९८० मध्ये जगातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण दिसतो, पण त्या लसीने कांजिण्यांपासून संरक्षण मिळत नाही.

'गोवर' हासुद्धा वेगळा विषाणू आहे. सरकारी वेळापत्रकात ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत दिली जाणारी एमआर लस गोवर आणि रुबेला यांच्यासाठी आहे. खासगी दवाखान्यात दिली जाणारी एमएमआर लस गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्यासाठी आहे. 'गोवराची लस झालीये, म्हणजे कांजिण्यांचीही झाली' असं अनेक पालकांना वाटतं. तसं नाही. कांजिण्यांची लस वेगळी घ्यावी लागते.

आजार खरंच साधा आहे का?

बहुतेक निरोगी मुलांसाठी, हो. आठ-दहा दिवस खाज, ताप आणि चिडचिड, मग मूल बरं होतं. 'आम्हाला पण झाल्या होत्या' म्हणणारे बाबा चुकीचं बोलत नसतात.

पण ही गोष्ट अर्धीच आहे. काही मुलांमध्ये खाजवून फोड फुटतात, त्यात जंतुसंसर्ग होतो, पू होतो आणि कायमचे व्रण राहतात. क्वचित हा संसर्ग रक्तात पसरतो. काही मुलांना न्यूमोनिया होतो. फार कमी मुलांमध्ये मेंदूला सूज येते किंवा चालताना तोल जायला लागतो. कोणत्या निरोगी मुलाला असं होईल, हे आधी सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा आहे. कांजिण्या जितक्या उशिरा होतात तितक्या त्या त्रासदायक ठरतात. अमेरिकेत लस येण्याआधीच्या काळातली आकडेवारी बघितली, तर १ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये दर एक लाख रुग्णांमागे सुमारे १ मृत्यू होत होता. ३० ते ४९ या वयोगटात हेच प्रमाण लाखामागे सुमारे २५ होतं. मोठ्या माणसांना कांजिण्यांतून न्यूमोनिया होण्याचा धोका जास्त असतो.

भारतासाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. थंड हवामानाच्या देशांत लस नव्हती तेव्हा जवळपास प्रत्येकाला शाळेच्या वयातच कांजिण्या होऊन जायच्या. उष्ण कटिबंधातल्या देशांत मात्र बऱ्याच जणांना त्या लहानपणी होत नाहीत. मग हॉस्टेलमध्ये, पहिल्या नोकरीत किंवा लग्नानंतर त्या गाठतात. 'लहानपणी होऊन जातील' हे गृहीत धरता येत नाही.

सगळ्यात जास्त धोका कोणाला?

गर्भवती महिला: ज्या महिलेला कधी कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही झालेली नाही, तिला गरोदरपणात संसर्ग झाला तर न्यूमोनियाचा धोका असतो. गरोदरपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत संसर्ग झाल्यास बाळात जन्मजात व्यंग येण्याची शक्यता असते. ती कमी आहे, साधारण एक-दोन टक्के, पण परिणाम गंभीर असतात.

नवजात बाळ: प्रसूतीच्या ५ दिवस आधी ते २ दिवस नंतर या काळात आईला पुरळ आलं, तर बाळाला गंभीर स्वरूपाच्या कांजिण्या होऊ शकतात. कारण आईच्या शरीरात तयार होणारं संरक्षण बाळापर्यंत पोहोचायला वेळच मिळालेला नसतो.

प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक: कॅन्सरवर उपचार सुरू असलेली मुलं, अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, दीर्घकाळ जास्त प्रमाणात स्टेरॉइड घेणारे लोक.

यातल्या अनेकांना ही लस स्वतः घेता येत नाही. त्यांचं संरक्षण आजूबाजूच्या लोकांवर अवलंबून असतं. चार वर्षांच्या मुलाला लस द्यायची की नाही हा निर्णय म्हणूनच कधी कधी घरातल्या गरोदर काकूचाही असतो.

लस कोणी शोधली आणि ती किती काम करते?

१९६० च्या दशकात मिचिआकी ताकाहाशी हे जपानी डॉक्टर संशोधनासाठी अमेरिकेत टेक्सासला होते. तिथे त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या झाल्या आणि त्याला खूप त्रास झाला. मायदेशी परतल्यावर ताकाहाशींनी लसीवर काम सुरू केलं. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातून घेतलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवत वाढवत कमकुवत केला. १९७४ मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लसी आजही याच 'ओका' विषाणूपासून बनवलेल्या आहेत. म्हणजे या लसीमागे अनेक दशकांचा अनुभव आहे.

एका डोसने साधारण ८० ते ८५ टक्के संरक्षण मिळतं. दोन डोसनंतर ते ९० टक्क्यांच्या वर जातं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण याहून जास्त असतं.

याचा अर्थ लस घेतलेल्या काही मुलांनाही कांजिण्या होतात. पण त्या बहुतेक वेळा सौम्य असतात. फोड पन्नासपेक्षा कमी येतात, ताप कमी असतो किंवा येतच नाही.

अमेरिकेने १९९५ मध्ये ही लस आणली. त्याआधी तिथे दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या, १० हजारांहून जास्त लोक रुग्णालयात दाखल व्हायचे आणि १०० ते १५० जणांचा मृत्यू व्हायचा. एक डोस देऊनही शाळांमध्ये साथी येत राहिल्या, म्हणून २००६ मध्ये दुसरा डोस जोडला गेला. लसीकरणाच्या पहिल्या २५ वर्षांत तिथले रुग्ण ९७ टक्क्यांहून जास्त घटले.

मग भारत सरकार ही लस मोफत का देत नाही?

याची मुख्य कारणं दोन आहेत.

पहिलं, प्राधान्य. सरकारी कार्यक्रमात आधी अशा लसी येतात ज्या जास्त बालमृत्यू टाळतात. जुलाबाविरुद्धची रोटाव्हायरस लस आणि न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस गेल्या काही वर्षांत देशभर मोफत मिळू लागल्या. या आजारांच्या तुलनेत कांजिण्यांमुळे होणारे बालमृत्यू फार कमी आहेत.

दुसरं कारण थोडं गुंतागुंतीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट केलं होतं की, कांजिण्यांची लस राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायची तर किमान ८० टक्के मुलांपर्यंत ती पोहोचली पाहिजे आणि पोहोचत राहिली पाहिजे.

असं का? समजा, निम्म्याच मुलांना लस मिळाली. तर विषाणूचा फैलाव कमी होईल, पण थांबणार नाही. लस न मिळालेल्या मुलांना लहानपणी विषाणू गाठणार नाही आणि मग तो विशी-तिशीत गाठेल, म्हणजे नेमका जास्त धोक्याच्या वयात. अर्धवट लसीकरणाने एकूण रुग्ण कमी झाले तरी गंभीर रुग्ण वाढण्याची भीती असते.

म्हणजे 'सरकारी यादीत नाही' याचा अर्थ 'लस असुरक्षित आहे' किंवा 'निरुपयोगी आहे' असा होत नाही. तो देशपातळीवरचा हिशोब आहे. एका मुलाच्या बाबतीत हिशोब वेगळा असतो.

याच कारणाने निर्णय उलटा फिरलेली उदाहरणंही आहेत. ब्रिटनने अनेक वर्षं सरसकट लसीकरण टाळलं होतं. मुलांमधल्या कांजिण्या थांबल्या तर मोठ्यांमध्ये नागीण वाढेल, अशी तिथल्या तज्ज्ञांना शंका होती. नंतर आलेल्या पुराव्यांवरून ही भीती वाटली होती तेवढी मोठी नसल्याचं दिसलं. २०२३ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने लस देण्याची शिफारस केली आणि जानेवारी २०२६ पासून ती मुलांच्या नेहमीच्या वेळापत्रकात आली. जपानने २०१४ मध्येच तसं केलं होतं.

भारतातले बालरोगतज्ज्ञ काय सांगतात?

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची देशातली संघटना आहे. त्यांच्या वेळापत्रकात ही लस आहे. पहिला डोस १५ महिन्यांच्या सुमारास आणि दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी, म्हणजे १८-१९ महिन्यांना. काही डॉक्टर दुसरा डोस ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान देतात.

मूल मोठं झालं असेल तरी उशीर झालेला नसतो. १३ वर्षांखालच्या मुलांना तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. १३ वर्षांपुढच्यांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात.

ज्या मुलाला कांजिण्या नक्की होऊन गेल्या आहेत, त्याला लसीची गरज नसते. झाल्या होत्या की नाही हे आठवत नसेल, तर लस दिल्याने नुकसान होत नाही.

खर्चाचा हिशोब कसा करायचा?

खासगी दवाखान्यात एका डोसची किंमत ब्रँडनुसार बदलते, पण ती साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास असते. दोन डोस म्हणजे चार हजार. दोन मुलं असतील तर आठ हजार. अनेक घरांसाठी ही रक्कम लहान नाही.

दुसऱ्या बाजूचा खर्चही मोजायला हवा. मुलाला कांजिण्या झाल्या की सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत, म्हणजे किमान पाच-सात दिवस, त्याला घरी ठेवावं लागतं. संसर्ग झाल्यापासून पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात. त्यामुळे पहिलं मूल बरं होतं तेव्हा धाकट्याला फोड यायला लागतात. एका घरात हा फेरा महिनाभर चालू शकतो. आई-बाबा दोघंही नोकरी करत असतील, किंवा रोजंदारीवर असतील, तर बुडलेले दिवस हाही खर्चच आहे.

पैशांची ओढाताण असेल तर क्रम साधा आहे. आधी सरकारी वेळापत्रकातल्या सगळ्या मोफत लसी वेळेवर पूर्ण करायच्या. त्या जास्त जीवघेण्या आजारांपासून वाचवतात. कांजिण्यांच्या लसीसाठी पैसे साठवायला वेळ घेतला तरी चालतो, कारण ती नंतरही देता येते. पहिला डोस देऊन दुसरा विसरणं मात्र टाळायला हवं.

लसीचे दुष्परिणाम काय?

इंजेक्शनच्या जागी दुखणं, लालसरपणा, थोडा ताप हे नेहमीचे परिणाम आहेत. काही मुलांच्या अंगावर लसीनंतर महिनाभरात थोडेसे पुरळ येतं. ते आपोआप जातं. तापामुळे झटके येणं किंवा तीव्र अ‍ॅलर्जी हे प्रकार फार दुर्मीळ आहेत. तरीही लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं.

ही जिवंत पण कमकुवत केलेल्या विषाणूची लस आहे. म्हणून ती काही जणांना देत नाहीत:

• गर्भवती महिला. लस घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगितलं जातं.
• प्रतिकारशक्ती खूप कमी असलेली मुलं.
• लसीच्या आधीच्या डोसची, जिलेटिनची किंवा निओमायसिनची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले लोक.

मुलाला नुकतंच रक्त दिलं गेलं असेल, स्टेरॉइड सुरू असतील किंवा गेल्या चार आठवड्यांत एमएमआरसारखी दुसरी जिवंत लस दिली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी देता येते. तसं केलं नाही तर मध्ये चार आठवड्यांचं अंतर लागतं.

घरात गरोदर महिला आहे म्हणून मुलाची लस पुढे ढकलायची गरज नसते.

फॉरवर्ड होणारे दावे आणि वस्तुस्थिती

'लसीमुळे पुढे नागीण होते.' कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही मज्जातंतूंमध्ये दडून राहतो आणि उतारवयात नागिणीच्या रूपात पुन्हा डोकं वर काढू शकतो. लसीतला कमकुवत विषाणूही शरीरात राहू शकतो. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये नागिणीचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी आढळलं.

'आजारी मुलासोबत खेळायला सोडा, एकदाच होऊन जाईल.' आजार होऊन गेल्यावर मिळणारी प्रतिकारशक्ती चांगली असते, हे खरं. पण त्यासाठी आजाराचा पूर्ण धोका पत्करावा लागतो. शिवाय तोच विषाणू त्या मुलाकडून घरातल्या बाळापर्यंत किंवा गरोदर महिलेपर्यंत जाऊ शकतो.

'माता आली आहे, औषध द्यायचं नाही.' अनेक घरांत कांजिण्या झाल्या की घरात फोडणी देत नाहीत, मांसाहार बंद होतो, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला ठेवतात. मुलाला हलकं जेवण मिळत असेल तर यात फारसं नुकसान नाही. कडुलिंबाने विषाणू जातो याचा पुरावा मात्र नाही. खरं नुकसान होतं ते अंघोळ आणि औषध बंद केल्याने. कोमट पाण्याने रोज अंघोळ घातली तर त्वचा स्वच्छ राहते आणि जंतुसंसर्ग टळतो.

वर्गात साथ आली आहे, आता लस देऊन उपयोग आहे का?

आहे. संसर्ग झालेल्या मुलाशी संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. त्यामुळे ग्रुपवर मेसेज आला की चर्चेत दिवस घालवण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करावा.

घरात गरोदर महिला, नवजात बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल आणि तिचा संपर्क आला असेल, तर लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. त्यांच्यासाठी वेगळे उपचार असतात आणि ते वेळेत द्यावे लागतात.

मुलाला कांजिण्या झाल्याच तर?

• तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावं. अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नये. त्यामुळे यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावं.
• नखं कापावीत, सुती सैल कपडे घालावेत. खाजेसाठी कॅलामाइन लोशन लावता येतं.
• पाणी, ताक, पेज असे पातळ पदार्थ वरचेवर द्यावेत.
• सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा, पाळणाघर, लग्नसमारंभ टाळावेत.

ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला किंवा जाऊन परत आला, फोडांभोवतीची त्वचा लाल, गरम आणि दुखरी झाली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, सतत उलट्या झाल्या, मूल गुंगीत जायला लागलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच रुग्णालय गाठावं. प्रौढांनी पहिलं पुरळ दिसताच डॉक्टरांकडे जावं. विषाणूविरोधी औषध पहिल्या २४ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी ठरतं.

तर मग निर्णय काय?

मूल निरोगी आहे, वय १५ महिन्यांच्या पुढे आहे आणि दोन डोसचा खर्च झेपणारा आहे, तर लस देण्याच्या बाजूने पारडं जड आहे. घरात कोणी गरोदर राहण्याची शक्यता असेल, कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ते आणखी जड होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अजून कांजिण्या झाल्या नसतील, तर आता थांबण्यात फायदा नाही. पुढचं प्रत्येक वर्ष धोका वाढवणारंच आहे.

खर्च झेपत नसेल, तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. बहुतेक मुलं या आजारातून सुखरूप बरी होतात. अशा वेळी धोक्याची लक्षणं माहीत असणं आणि अ‍ॅस्पिरिन घरात न देणं, या दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

आणि ज्यांना स्वतःला कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे माहीत नाही, त्यांनी आज घरी आईला किंवा आजीला एक फोन करून विचारावं. उत्तर 'नाही' असेल, तर लसीचा प्रश्न फक्त मुलापुरता उरत नाही.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक मुलाची तब्येत वेगळी असते, त्यामुळे लस घेण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.)